फ्रिजचा सेन्सर बदलण्याआधी तो मोजून बघा

"कोथिंबीर काचेसारखी मोडतेय हो," असं फोनवर सांगणाऱ्या काकूंच्या घरी पोचलो तेव्हा खालच्या कप्प्यातली दोन अंडी तडकलेली होती, दह्यात बर्फाच्या सुया झाल्या होत्या आणि पालकाची जुडी बाहेर काढून ओट्यावर ठेवली तर पंधरा मिनिटांत तिचा काळपट चिखल झाला. माझ्याआधी दोघं येऊन गेले होते. एकाने गॅस भरायला सांगितला होता, दुसऱ्याने बोर्ड बदलायचा. गॅस कमी झाला तर फ्रिज थंड करायला मागेपुढे बघतो; कोथिंबीर गोठवत नाही. पण गिऱ्हाइकाला हे कोण सांगणार?

दोष निघाला सेन्सरमध्ये. शेंगदाण्याएवढी वस्तू, काळ्या प्लॅस्टिकच्या टोपणात बसवलेली, मागे दोन वायरी. काही शे रुपयांचं काम. या कामात नव्याने पडणाऱ्यांसाठी आणि घरच्या घरी निदान तपासून बघू इच्छिणाऱ्यांसाठी हा लेख आहे. बोर्ड, म्हणजे फ्रिज चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, खरंच बिघडतात, नाही असं नाही. पण सेन्सर मोजल्याशिवाय बोर्डाचं नाव घ्यायचं नाही, एवढी शिस्त पाळली तर निम्मी फसगत टळते.

आधी बघा, तुमच्या फ्रिजला सेन्सर आहे का

जुन्या एका दाराच्या फ्रिजमध्ये, ज्याचा बर्फ लाल बटण दाबून वितळवावा लागतो, बहुधा सेन्सर नसतोच. तिथे असतो थर्मोस्टॅट. ० ते ७ आकड्यांची खुंटी आणि तिच्यामागून निघालेली बारीक तांब्याची नळी. त्या नळीत वायू भरलेला असतो, तो थंडीने आकसला की आतला संपर्क सुटतो आणि कॉम्प्रेसर बंद होतो. त्याची परीक्षा सोपी: खुंटी शून्यावर आणली की 'टिक्' असा आवाज यायला हवा आणि कॉम्प्रेसर थांबायला हवा. थांबत नसेल तर आतले पॉइंट चिकटलेत. खुंटीने थांबतो पण आपण होऊन कधीच थांबत नाही, असं असेल तर नळीचं टोक फ्रीझरच्या पत्र्यापासून सुटलंय का ते बघा. अनेकदा नुसती क्लिप घट्ट करून काम होतं.

दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये (आणि हल्लीच्या काही एकदारी इन्व्हर्टर मॉडेलांतही) थर्मिस्टर असतो. थर्मिस्टर म्हणजे तापमानाप्रमाणे रोध (विजेला होणारा अडथळा) बदलणारा तुकडा. फ्रिजमधला थर्मिस्टर एनटीसी जातीचा, म्हणजे उलट्या चालीचा: गार झाला की रोध वाढतो, गरम झाला की कमी होतो. ही उलटी चाल डोक्यात पक्की बसवा, पुढचं सगळं निदान तिच्यावर उभं आहे. साधारणपणे एक सेन्सर फ्रीझरमध्ये, एक खालच्या कप्प्यात आणि एक आतल्या कूलिंग कॉईलवर बसवलेला असतो. तिसऱ्याला डीफ्रॉस्ट सेन्सर म्हणतात, कॉईलवरचा बर्फ वितळवणारा हीटर कधी बंद करायचा ते त्याच्यावरून ठरतं. काही मॉडेलांत त्याच्या जागी बायमेटल असतो, तो रोध दाखवत नाही, नुसता जोडतो किंवा तोडतो.

सेन्सरवर आळ घेण्याआधी

मला बोलावताना 'सेन्सर गेलाय' म्हणून सांगितलेल्या फ्रिजांपैकी बऱ्याच फ्रिजांचा सेन्सर धडधाकट निघतो. तेव्हा स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी पुढचं बघून घ्या.

खरं तापमान किती आहे ते मोजा. दारावरच्या डिस्प्लेवर विसंबू नका. तो आपण लावलेला आकडा दाखवतो किंवा सेन्सर सांगेल ते दाखवतो, आणि शंका तर सेन्सरवरच आहे. पेलाभर पाणी मधल्या फळीवर ठेवा, त्यात थर्मामीटर बुडवा आणि रात्रभर दार उघडू नका. सकाळी ३ ते ५ अंश सेल्सिअस दिसलं तर खालचा कप्पा ठीक आहे. फ्रीझर उणे १८ च्या आसपास हवा. थर्मामीटर नसेल तर इडलीचं पीठ खोटं बोलत नाही: फ्रिजमध्ये ठेवलेलं पीठ रातोरात फसफसून डब्याबाहेर आलं तर आतलं तापमान दहाच्या बरंच वर आहे.

मग हवेच्या वाटा. मागच्या भिंतीला जाळीसारखी भोकं असतात, त्यातून फ्रीझरची गार हवा खाली येते. आंब्याच्या दिवसांत आमरसाची पातेली आणि गणपतीत नैवेद्याचे डबे कोंबून कोंबून त्या भोकांना टेकतात, मग पुढच्या फळीवरचं दूध नासतं आणि मागच्या डब्यातली भाजी गोठते. सेन्सर बिचारा एकाच जागी बसलेला, त्याला त्याच्या जागेपुरतंच कळतं.

दाराच्या रबरात नोट अडकवून ओढून बघा. सहज निघाली तर तिथून दमट हवा आत जातेय. कोकणात पावसाळ्यात एवढ्या फटीनेही कॉईलवर बर्फाचा थर चढतो. 'फास्ट फ्रीझ' किंवा 'पॉवर कूल' कुणी चालू ठेवलंय का ते बघा. घरात लहान मूल असेल तर हमखास बघा. नवाकोरा फ्रिज दिवे लावतो, पंखाही फिरवतो पण गार होत नाही, अशी तक्रार असेल तर तो शोरूमच्या डेमो मोडमध्ये राहिलेला असू शकतो. माहितीपुस्तिकेत तो बंद करायची बटणं दिलेली असतात.

लक्षणावरून दिशा ओळखा

सेन्सर तीन प्रकारे बिघडतो. एक, वायर तुटते किंवा आतला तुकडा फुटतो: रोध अमर्याद. दोन, दोन वायरी आपसांत चिकटतात: रोध शून्य. हे दोन्ही बोर्डाला लगेच कळतात, कारण इतकी थंडी किंवा इतकी उष्णता शक्यच नसते. डिस्प्ले असेल तर एरर कोड येतो, नसेल तर काही मॉडेलांत एखादा दिवा ठराविक वेळा लुकलुकतो. कोड कंपनीगणिक बदलतात. एलजीच्या बऱ्याच मॉडेलांत 'ईआर एफएस' म्हणजे फ्रीझरचा सेन्सर, 'ईआर आरएस' म्हणजे खालच्या कप्प्याचा आणि 'ईआर डीएस' म्हणजे डीफ्रॉस्टचा. तुमच्या मॉडेलचा तक्ता पुस्तिकेत बघा. मात्र कोडचा अर्थ 'त्या सेन्सरच्या सर्किटमध्ये घोटाळा आहे' एवढाच. सेन्सर, त्याची वायर, मधला कनेक्टर, बोर्डावरची पिन, यांपैकी कुणीही गुन्हेगार असू शकतो.

तिसरा प्रकार खरा त्रासाचा: सेन्सर मरत नाही, खोटं बोलायला लागतो. कोड येत नाही, कारण आकडा शक्यतेतला असतो. इथे उलटी चाल कामाला येते. रोध असायला हवा त्यापेक्षा कमी झाला, तर बोर्डाला वाटतं आत गरम आहे, म्हणून तो गार करतच राहतो आणि भाजी गोठते. रोध जास्त झाला, तर बोर्डाला वाटतं पुरेसं गार झालंय, म्हणून कॉम्प्रेसर लवकर थांबतो आणि दूध फाटतं.

वरचा कप्पा कडक गार, खालचा कोमट आणि पाच-सहा दिवसांपासून पंख्याचा खरखर आवाज, असं चित्र असेल तर कप्प्याच्या सेन्सरला बाजूला ठेवा. कॉईल बर्फाने बुजली आहे, पाती बर्फाला घासतायत. फ्रिज प्लग काढून २४ तास दार उघडं ठेवून वितळवा (खाली जुनं चादर-फडकं घाला, पाणी भरपूर निघतं). मग आठवडाभर नीट चालला आणि पुन्हा तेच झालं, तर डीफ्रॉस्टची साखळी तपासा: हीटर, थर्मल फ्यूज, डीफ्रॉस्ट सेन्सर किंवा बायमेटल.

उघडण्यापूर्वी

प्लग भिंतीतून उपसून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर बसवलेलं मी कितीदा पाहिलंय. सेन्सरच्या वायरीत जेमतेम ५ व्होल्ट असतात, पण त्याच बोर्डावर हाताच्या अंतरावर २३० व्होल्ट खेळत असतात. इन्व्हर्टर बोर्डातले कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ भरलेले राहतात. दहा मिनिटं थांबा आणि बोर्डाला हात लावायची गरज नसेल तर लावूच नका.

कॉम्प्रेसरजवळचं लेबल वाचा. त्यावर 'आर ६०० ए' असेल तर आत आयसोब्युटेन आहे, म्हणजे पेट घेणारा वायू. हल्लीच्या घरगुती फ्रिजांत बहुतेक तोच असतो. प्रमाण थोडं असतं, पण नळीला भोक पडलं तर जवळ ठिणगी नको. म्हणून फ्रिजच्या आत डाग द्यायची इस्त्री, मेणबत्ती, लायटर काही चालवायचं नाही. आणि बर्फ सुरीने खरवडायचा नाही, कधीच नाही. कॉईल मऊ ॲल्युमिनियमची असते. सुरीचं एक टोक लागलं की काही शे रुपयांचं काम फ्रिज बदलण्यापर्यंत जातं. गरम पाण्याची पातेली आत ठेवा, दार लोटा, बर्फ आपोआप सुटतो.

वॉरंटी चालू असेल तर इथेच थांबा आणि कंपनीला फोन करा. तंत्रज्ञ आला की पुढे दिलेलं मोजमाप तुमच्यासमोर करायला सांगा. हे मागायला काही वाटून घ्यायची गरज नाही.

सेन्सर शोधणं

खालच्या कप्प्याचा सेन्सर बहुधा बाजूच्या भिंतीत किंवा दिव्याच्या खोक्यात, जाळीदार टोपणामागे असतो. फ्रीझरचा आणि डीफ्रॉस्टचा फ्रीझरच्या मागच्या पडद्यामागे. पडद्याचे स्क्रू कधी पांढऱ्या टिकल्यांखाली दडवलेले असतात, त्या नखाने उचलायच्या. फ्रिज नुकताच बंद केला असेल तर पडदा ओढू नका. गोठलेलं प्लॅस्टिक बिस्किटासारखं तुटतं आणि तो पडदा सुटा मिळायला महिना लागतो. तास-दोन तास जाऊ द्या.

काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा: सेन्सर कोणत्या क्लिपमध्ये, टोक कोणत्या बाजूला, वायर कुठून फिरवलेली. डीफ्रॉस्ट सेन्सर कॉईलच्या ज्या नळीला चिकटवलाय तिथेच परत बसायला हवा. चार बोटं इकडेतिकडे झाला तरी हीटर चुकीच्या वेळी बंद होतो.

मोजणं: दोन तापमानं, दोन आकडे

आता मुख्य काम. मल्टीमीटर साधा चालेल. कनेक्टर सोडवा, जोडलेल्या अवस्थेत मोजलं तर बोर्डाचा रोध त्यात मिसळतो. सेन्सरला प्लस-मायनस नसतं, प्रोब कसेही लावा. पण दोन्ही प्रोबची टोकं बोटांत धरू नका, आणि सेन्सरच मुठीत धरून मोजू नका. तुम्ही तुमच्या अंगाचं तापमान मोजाल.

सर्वांत जास्त भेटणारा सेन्सर '१० के' म्हणजे २५ अंशांना १० हजार ओहमचा. ५ के आणि २ केही असतात, म्हणून मॉडेलचा आकडा आधी मिळवा. १० के च्या सेन्सरचे अंदाजे आकडे असे: ३० अंशांना ८ हजार, २५ ला १० हजार, ५ ला २२ ते २६ हजार, शून्याला २७ ते ३३ हजार, उणे १८ ला ६० ते ९० हजार. नेमका आकडा सेन्सरच्या जातीवर ठरतो. जात माहीत नसेल तर ढोबळ हिशेब लक्षात ठेवा: बर्फाच्या पाण्यातला आकडा २५ अंशांच्या आकड्याच्या साधारण पावणेतीन ते सव्वातीन पट येतो.

पहिलं मोजमाप खोलीच्या तापमानाला. इथे नवशिके हमखास चुकतात. पुस्तकात २५ अंशांचा आकडा असतो आणि आपण मे महिन्यात ३५ अंशांच्या स्वयंपाकघरात उभे असतो. तिथे १० के चा चांगला सेन्सरही साडेसहा-सात हजारच दाखवणार. सेन्सरशेजारी थर्मामीटर ठेवल्याशिवाय या आकड्याला अर्थ नाही.

दुसरं मोजमाप बर्फाच्या पाण्यात. स्टीलचा पेला कुटलेल्या बर्फाने गच्च भरा, वरून थोडंसंच पाणी ओता, ढवळा. बर्फ तरंगतोय आणि पाणीच जास्त आहे, असं नको. पाण्यापेक्षा बर्फ जास्त हवा, तरच शून्य अंश मिळतो. सेन्सरचं डोकं मधोमध बुडवा, कनेक्टर कोरडा बाहेर ठेवा, पाच मिनिटं थांबा आणि आकडा स्थिर झाल्यावर वाचा.

मीटर २० के च्या पट्ट्यावर असेल तर इथे डाव्या बाजूला नुसता '१' दिसेल. माझ्याकडे शिकायला आलेल्या पहिल्या पोराने तो '१' बघून चांगले तीन सेन्सर कचऱ्यात टाकले होते. त्याला वाटलं आतून तुटलेत. '१' म्हणजे आकडा पट्ट्याबाहेर गेला. २०० के वर फिरवा, २७-२८ दिसेल. २००० के वरही '१' च राहिला, तर मात्र सेन्सर खरोखर तुटलेला.

काकूंच्या फ्रिजमधला सेन्सर खोलीत, ३० अंशांना, ६.२ हजार दाखवत होता. ८ हवे होते. घाईत असणारा माणूस म्हणेल, उकडतंय, चालायचंच. बर्फाच्या पाण्यात मात्र तो १३ हजारांवर येऊन थांबला, जिथे किमान २७ हवेत. म्हणजे टोपणात ओल शिरली होती आणि त्या ओलीतून थर्मिस्टरला समांतर अशी २५ हजारांच्या आसपासची चोरवाट तयार झाली होती. गंमत अशी की चोरवाट २५ हजारांची असल्यावर बाहेरून दिसणारा एकूण रोध २५ च्या पुढे जाऊच शकत नाही, आणि त्याच्या जवळपास पोचायलासुद्धा आत भयंकर थंडी लागते. बोर्ड वाट बघत होता २३ हजारांची, म्हणजे चार अंशांची. ते त्याला कधी दिसलंच नाही, म्हणून त्याने कोथिंबीर गोठवली. बोर्डाने त्याचं काम चोख केलं होतं. आणि हा दोष गरम खोलीत लपतो, गारठ्यात उघडा पडतो, म्हणून दुसरं मोजमाप टाळायचं नाही.

सेन्सर चांगला निघाला तर

वायर धरून हळूहळू वाकवा आणि मीटरकडे बघत राहा. आकडा उडाला तर वायर आतून तुटलीय. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखं काही दिसतंय? ते गंजलेलं तांबं. दमट हवेत हे सर्रास होतं. मागच्या बाजूने वायरी बघा, उंदराच्या दातांच्या खुणा ओळखायला शिक्षण लागत नाही. मग सेन्सर जोडून बोर्डाच्या टोकाच्या कनेक्टरवर (बोर्डापासून सोडवून) मोजा: दोन्हीकडे आकडा सारखा यायला हवा.

सगळं सारखं आलं तर बोर्डाची परीक्षा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात १० हजार ओहमचा रेझिस्टर रुपया-दोन रुपयाला मिळतो. सेन्सरच्या जागी तो जोडा आणि फ्रिज सुरू करा. बोर्डाला आत २५ अंश वाटायला हवेत आणि त्याने कॉम्प्रेसर लावायला हवा. वीज आल्यावर कॉम्प्रेसर तीन ते पाच मिनिटं मुद्दाम थांबतो, तेव्हा घाबरून प्लग काढघाल करू नका. इतकं करूनही बोर्ड ढिम्म राहिला किंवा कोड तसाच राहिला, तर आता बोर्डाचं नाव घ्यायला हरकत नाही. तरी ते काम जाणत्यावर सोपवा.

बदलताना

त्याच रोधाचा आणि त्याच जातीचा सेन्सर घ्या. '१० के' दोन असले तरी थंडीत त्यांचे आकडे वेगळे जातात. दुकानातून आणल्यावर बसवण्याआधी तोही बर्फाच्या पाण्यात मोजा. नवी वस्तू खराब निघते, हा अनुभव रोजचा आहे.

कनेक्टरसकट मिळाला तर उत्तम. नाहीतर वायर तोडून जोडावी लागते. तिथे जेल भरलेले दाबायचे जोड वापरा. नुसती वायर पिळून वर काळी टेप गुंडाळली तर टेप गारव्यात सुटते, ओल शिरते आणि सहा महिन्यांत तोच रोग परत. जोडाजवळ वायरीला खालच्या बाजूला छोटी झोळी द्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोळीतून खाली टपकतं, जोडापर्यंत चढत नाही. टोपण, क्लिप, फोम, जे निघालं ते फोटो बघून जसंच्या तसं परत.

फ्रिज सुरू केल्यावर २४ तास त्याला छळू नका. दुसऱ्या दिवशी पेल्यातलं पाणी मोजा आणि कान देऊन ऐका: साधा कॉम्प्रेसर अधूनमधून बंद व्हायला हवा; इन्व्हर्टर असेल तर पूर्ण थांबेलच असं नाही, पण त्याचा आवाज खाली यायला हवा. शेवटी मी एक काम करतो. कागदी चिकटपट्टीवर तारीख आणि दोन्ही आकडे लिहून फ्रिजच्या मागे चिकटवतो. काकूंच्या फ्रिजमागे आता '३० ला ८.१, शून्याला २७.४' असं लिहिलेलं आहे, आणि पुढे कुणी बोर्ड बदलायला आलं तर आधी ते वाचा, असं त्यांनी स्वतःच्या हाताने खाली जोडलंय.